दोनशे सतरा सेकंद

सॉफ्टवेअरवाला म्हटलं की लोकांना पुणं, बंगळुरू आणि काचेच्या इमारती आठवतात. मी जळगावात मेहरूणला राहतो, घराच्या पुढच्या खोलीत बसून प्रोग्राम लिहितो आणि गेली चोवीस वर्षं आमचं घर त्यावरच चाललं आहे. माझी गिऱ्हाइकं म्हणजे डाळ मिलवाले, शीतगृहवाले आणि औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार. संपादकांनी मला ‘तुमच्या हत्यारांविषयी तुमची मतं लिहा’ असं सांगितलं. सुताराला रंध्याविषयी विचारावं तसंच हे आहे. मतं आहेत, पण ती कोणत्या लाकडावर तयार झाली हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

माझं एक मत असं की चालू असलेली गोष्ट सुंदर करण्याच्या फंदात पडू नये. धुळ्याच्या एका बियाणं तपासणी प्रयोगशाळेला मी अठरा वर्षांपूर्वी एक प्रोग्राम करून दिला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसचा संबंध नाही. मध्यंतरी मलाच त्याची लाज वाटली, म्हणून रंगीत चौकटींचा नवा करून दिला. तिथल्या मालतीताई रोज अडीचशे नमुन्यांच्या उगवणीचे आकडे भरतात. डोळे कागदावर, बोटं कीबोर्डवर. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

“भाऊ, नवीन फार छान आहे. जुनं परत द्या.”

मी जाऊन घड्याळ लावून पाहिलं. जुन्यावर एका नमुन्याला अकरा सेकंद लागत होते, नव्यावर एकोणीस. आठ सेकंदांचा फरक गुणिले अडीचशे, म्हणजे रोजची तेहतीस मिनिटं. ती मी त्यांच्याकडून काढून घेतली होती आणि वर त्याला सुधारणा म्हणत होतो. त्याच दिवशी जुनं परत बसवलं. ते आजही चालतं.

दुसरं मत सांगायला मात्र मला शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात जावं लागेल. तापीकाठचं गाव आहे, केळी आणि पपईचं. तिथं माझ्या हातून जे झालं ते मी आजवर लिहिलेलं नाही.

शेतीला वीज चोवीस तास नसते. आठवड्याच्या पाळीने आठ तास मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. वीज आली, म्हणजे गावच्या भाषेत ‘लाइन आली’, की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी ऑटोस्विच लावतात. अडचण अशी की सगळ्यांचे ऑटोस्विच एकदम लागतात. मोटर चालू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. एका ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे गावच्या डीपीवर, सोळा मोटरी असतील तर त्या क्षणी डीपीला जवळजवळ शंभर मोटरींचा भार जाणवतो. फ्यूज उडतो. फ्यूज वारंवार उडायला लागला की कोणीतरी वैतागून त्यात जाड तार घालतो. मग फ्यूज उडत नाही, डीपी जळतो.

माझे मित्र भास्करभाऊ यांचा वसाहतीत स्टार्टरचा छोटा कारखाना आहे. ते एक दिवस म्हणाले, “भाऊ, असा डबा करू की लाइन आली तरी मोटर लगेच लागणार नाही. प्रत्येक डबा थोडा वेगवेगळा थांबेल. कोणी एक मिनिट, कोणी सात मिनिटं. त्यात सिमकार्ड पण टाकू, घरून बंद-चालू करता येईल.”

कल्पना सोपी होती. प्रत्येक डब्याने शून्य ते सहाशे सेकंदांमधला कोणताही एक आकडा मनाशी धरायचा आणि तेवढा वेळ थांबायचं. भाषा मी माझी जुनीच घेतली, सी. तिची थट्टा करणारे बरेच आहेत. पण मला तिच्यात एक ओळ लिहिली की यंत्र काय करणार हे कळतं, आणि अडीचशे रुपयांच्या चिपमध्ये मावेल असं दुसरं मला येत नाही. मनात आकडा धरण्याचं काम मात्र मी स्वतः लिहिलं नाही. ती सोय भाषेबरोबर तयारच मिळते. ती बोलावली आणि पुढे गेलो.

घरी टेबलावर चार डबे मांडून आठ दिवस तपासलं. बटण दाबायचं, डबा किती थांबतो ते वहीत लिहायचं. ८८, ४०१, ५३, ५७७. अगदी हवं तसं. सौ. चहा ठेवताना म्हणाली, “तुमच्या डब्यापेक्षा माझा कुकर बरा. शिट्टी कधी होणार ते तरी कळतं.” मी म्हणालो, कळू नये हाच तर यातला मुद्दा आहे. मला त्या उत्तराचं कौतुकही वाटलं होतं.

एप्रिलच्या शेवटी त्या गावच्या एका डीपीवरचे सोळाच्या सोळा पंप आमच्या डब्यांवर गेले. पंधरा दिवसांनी मी सहज चक्कर मारली. डीपीवरचे वडीलधारे दगूनाना ओट्यावर बसले होते. माझं स्वागत फार चांगलं झालं.

“साहेब, तुमना डबा भारी शे,” नाना म्हणाले. “कोनलेबी मांगे-पुढे नई. लाइन उनी का मी बिडी पेटाडस. बिडी सरनी का बठ्ठा पंप एकसंगे चालू.”

मी हसलो, चहा घेतला आणि जळगावला परत आलो. बिडी संपली की सगळे पंप एकदम चालू, हे वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. माझ्या डोक्यात आकडे होते, आणि नाना मला आकडाच सांगत होते, फक्त बिडीच्या मापात. मी तो कौतुकाचा भाग समजलो.

मेच्या शेवटी भास्करभाऊंचा फोन आला. डीपी जळाला होता. त्याआधी तीनदा फ्यूज उडाला होता आणि तिसऱ्या वेळी कोणीतरी जाड तार घातली होती. “गाव म्हणतंय डब्यानेच झालं. मी म्हटलं शक्य नाही. शक्य नाही ना?”

मी पण ‘शक्य नाही’ म्हणालो. मग गावातून सगळ्या डब्यांची नोंद मागवली. माझ्या प्रोग्राममध्ये मी एक गोष्ट कधीही वगळत नाही: यंत्राने काय केलं ते यंत्रानेच लिहून ठेवायचं. हे माझं तिसरं मत म्हणा, आणि ते मी कोणाशीही भांडून टिकवेन. प्रत्येक डब्यात शेवटच्या पंचवीस वेळा तो किती सेकंद थांबला आणि पंप कधी बंद झाला याची नोंद होती. मी वही घेतली आणि पहिल्या डब्याचे आकडे उतरवायला बसलो.

२१७. २१७. २१७. २१७.

दुसरा डबा उघडला. २१७. सोळा डबे, प्रत्येकी पंचवीस नोंदी, एकूण चारशे. चारशेच्या चारशे ठिकाणी दोनशे सतरा. म्हणजे लाइन आल्यावर तीन मिनिटं सदतीस सेकंदांनी सोळा मोटरी एकाच क्षणी. ऑटोस्विचमध्ये निदान एखाद-दोन सेकंदांचा मागेपुढेपणा असतो. मी तोही काढून टाकला होता.

कारण सांगतो. संगणकाला ‘मनात एक आकडा धर’ म्हटलं तर त्याला ते येत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, आमच्यात त्याला बीजच म्हणतात. त्या बिजावर तो गणित करतो आणि जे उत्तर येईल ते ‘मनातलं’ म्हणून सांगतो. बीज सारखं तर उत्तर सारखं. मी बीज म्हणून, डब्यात वीज आल्यापासून किती वेळ गेला, ते मोजून घेतलं होतं. घरी टेबलावर डबे आधीच चालू असत आणि ‘लाइन आली’ हे सांगणारं बटण मी बोटाने दाबत होतो. माणसाचं बोट दर वेळी थोडं लवकर-उशिरा पडतं, म्हणून बीज बदलत होतं आणि आकडेही बदलत होते. शेतात बोट नव्हतं. सोळा डब्यांना एकाच क्षणी वीज मिळत होती, ते एकाच वेगाने जागे होत होते, आणि सगळ्यांचं बीज शेवटच्या अंकापर्यंत एक होतं. रोज.

चूक एका ओळीची होती. भाषेची नाही, माझी. तयार सोय वापरायला माझी हरकत नाही, पण ती कशावर चालते हे न वाचता वापरली. अलीकडे मी हाच प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनाला घालून पाहिला. त्याने क्षणात, माझ्यापेक्षा नीटनेटका प्रोग्राम लिहून दिला, आणि त्यात हीच चूक होती. दाखवल्यावर माफी मागून दुरुस्तही केली. मी ते साधन वापरतो, चांगलं आहे. पण ‘हे सोळा डबे एकाच तारेवर आहेत का?’ असं त्याने मला विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं, म्हणून त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

नवा डीपी यायला सहा दिवस लागले. सहा दिवस, आणि ऊन पंचेचाळीसच्या वर. पपईवाल्यांचं थोडक्यात भागलं. सगळ्यात मोठा फटका सिंधूअक्कांना बसला. पन्नाशीच्या विधवा बाई, दोन हजार सहाशे खोडांची केळी एकटीने सांभाळणाऱ्या. बाग निसवून, म्हणजे केळफूल बाहेर पडून, घड लटकले होते. त्या वेळी केळीला पाणी नसलं की पानं करपतात आणि घडाच्या वजनाने खोडं मधूनच मोडतात. चारशे बारा मोडली. अक्कांनी मोजली होती, आणि मी गेलो तेव्हा पुन्हा मोजली.

नवा डीपी बसवताना वायरमन सगळ्यांसमोर म्हणाला, “हा टिकवा. हाही गेला तर दुसरा कधी येईल ते मी सांगू शकत नाही.” लाइन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुटणार होती. अक्कांची उरलेली दोन हजार एकशे अठ्ठ्याऐंशी खोडं त्या नऊच्या लाइनवर होती.

दुपारी चारला नानांच्या ओट्यावर सगळे जमले. भास्करभाऊंनी मला वाटेत सांगितलं होतं, “जाड तारेचं बोल. तारेमुळेच जळला ना शेवटी?” ते खरंही होतं. पण मी वही उघडून चारशे आकडे दाखवले आणि म्हणालो, चूक माझी आहे.

मग नाना म्हणाले, “म्हंजे ते बिडीनं तुमी ठरायेल नव्हतं?”

“नाही, नाना. वेगवेगळं व्हायला हवं होतं.”

“आनि आम्ही गावभर सांगत फिरनूत, साहेबनी बठ्ठासले सारखं दिधं!” मागून कोणीतरी म्हणालं, “सोळा डबा, डोकं एकच!” सगळे हसले. मी हसू शकलो नाही.

मी बिजाची गोष्ट समजावून सांगितली. अक्कांना ती सर्वांत आधी कळली. “टिश्यूनी रोपं बी एकदमच निसवतस,” त्या म्हणाल्या. टिश्यूची रोपं एकाच झाडापासून प्रयोगशाळेत केलेली असतात, म्हणून सगळी बाग एकाच सुमाराला निसवते. इतकं नेमकं उदाहरण मला चोवीस वर्षांत सुचलं नव्हतं. मग त्यांनी एकच विचारलं, “आते परत जळी का?”

मी सांगितलं, आता प्रत्येक डब्याचं बीज वेगळं करतो, खरोखर वेगवेगळे आकडे येतील. हे उत्तर मी घरून तयार करून आणलं होतं. ते अक्कांनी दोन प्रश्नांत मोडून काढलं.

“शेवटला नंबर कोना लागी?”

“कोणाचाही. रोज वेगळा.”

“एकनाच तीन दिन लागी शकस का?”

लागू शकतो, मी म्हणालो. पण महिन्याच्या सरासरीत सगळे सारखेच येतील.

“सरासरीवर केळ जगत नई, भाऊ. तिले आज पानी लागस.”

शेवटच्या नंबरला एवढं महत्त्व का, तेही सांगायला हवं. पंधरा मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज उतरतं. सोळाव्याच्या वेळी ते इतकं कमी असतं की मोटर जळू नये म्हणून डबाच ती चालू करत नाही. दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहतो, पण बाकीचे पंप चालू असेपर्यंत आशा कमीच. म्हणजे शेवटचा नंबर हा उशिराचा नव्हे, बहुधा उपाशीच राहण्याचा नंबर.

अक्कांचं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. तिकडे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्या गावाची शेती एकत्र भिजवायची फार जुनी पद्धत आहे, तिला फड म्हणतात. पाणी सोडायला गावाने नेमलेला माणूस असतो, तो पाटकरी. अक्का म्हणाल्या, “मना बाप पाटकरी व्हता. आज ज्यानं राही गयं, त्यानं उद्या पयलं. बाकी बठ्ठा एक घर मांगे. इतलंच. त्याले वाचता बी येत नव्हतं.”

मी तिथेच वहीत मांडून पाहिलं. सोळा पंप, सोळा दिवस. प्रत्येकाचा शेवटचा नंबर सोळा दिवसांत नेमका एकदा, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा पहिला. माझ्या गणितात ही खात्री कुठेच नव्हती. मी नशिबाकडून जे मागत होतो, ते पाळी लावून सरळ मिळत होतं. माझं दुसरं मत ते हेच. आमच्या धंद्यात एक खोड आहे: साधन हाती असलं की आधी साधन आठवतं, प्रश्न नंतर. मला ‘मनात आकडा धरणं’ येत होतं, म्हणून मी ते वापरलं.

नानांच्या ओट्यावर बसून मी नवा प्रोग्राम लिहिला. जुन्या चाळीस ओळी गेल्या, नव्या अकरा आल्या. तारीख सिमकार्डावरून मोबाइलच्या टॉवरकडून घ्यायची, त्यात आपला नंबर मिळवायचा, सोळाने भागायचं, बाकी उरेल तो आजचा क्रम. दोन पंपांमध्ये चाळीस सेकंदांचं अंतर. सुरुवातीचे नंबर ठरवायला नानांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. नानांना तिसरा आला. अक्कांनी चिठ्ठी उघडली आणि माझ्यासमोर धरली. सोळा.

कोणीतरी म्हणालं, “अक्काले पयला द्या हो. तिनं सगळात जास्ती गयं.”

“पाळी पयल्याच दिवसे मोडशात का?” अक्का म्हणाल्या आणि चिठ्ठी कमरेच्या पिशवीत ठेवून घरी गेल्या.

मी आणि भास्करभाऊ दिवस मावळायच्या आत सोळा शेतांत फिरून सोळा डब्यांत नवा प्रोग्राम भरून आलो. मुक्काम नानांकडे. या वेळी मी काही टेबलावर तपासलं नाही, कारण सोळा डबे एकाच तारेवर असलेलं टेबल फक्त त्या शिवारातच होतं.

सकाळी नऊला लाइन आली. मी डीपीजवळ घड्याळ धरून उभा होतो. पहिला पंप लागला. चाळीस सेकंदांनी दुसरा. मग नानांचा. डीपीचा हुंकार एकेक पायरीने चढत होता, पण धक्का एकदाही बसला नाही. दहाव्या मिनिटाला अक्कांची पाळी आली. मी पळत त्यांच्या शेतात गेलो. डब्यावर व्होल्टेजचा आकडा दिसत होता, ३३४. मी मर्यादा ३४० ठेवली होती. सहा व्होल्टनी मोटर लागली नाही.

अक्का बांधावर उभ्या होत्या. मोडलेली खोडं अजून उचललेली नव्हती. मी खिशातून फोन काढला. प्रत्येक डब्यात तपासणीसाठी मी एक आदेश ठेवला होता, तो फक्त मला आणि भास्करभाऊंना माहीत होता. एक मेसेज पाठवला की डबा पाळी पाहत नाही, मर्यादाही पाहत नाही, मोटर चालू करतो. सहा व्होल्टनी मोटरला त्या दिवशी काही झालं नसतं, इतका माझा अंदाज होता.

“अक्का, मी इथून चालू करतो. कोणाला कळणार नाही.”

त्यांनी फोनकडे पाहिलं. “डीपीले कळी ना.”

“एका मोटरने काही होणार नाही.”

“आज मनी करशात. उद्या नानानी करशात. मंग पाळी कशाले लायी?” त्यांनी माझ्या खिशाकडे बोट केलं. “खिसामा ठेवा ते. उद्या मना पयला नंबर शे.”

मी फोन खिशात ठेवला. सहा दिवस तहानलेल्या बागेसमोर उभं राहून, चूक जिने केली नाही ती बाई, चूक ज्याने केली त्याला नियम पाळायला सांगत होती. मी त्या पडलेल्या खोडांवरून नजर काढून डब्यावरच्या आकड्याकडे पाहत राहिलो. साडेनऊला ३३४. दहाला ३३५. बाराला ३३३.

दोनच्या सुमाराला आम्ही बांधावर भाकरी खात असताना आकडा एकदम ३४१ झाला आणि मोटर आपोआप लागली. ठिबकच्या नळ्या फुगल्या. अक्का हातातली भाकरी तशीच ठेवून उठल्या आणि पहिल्या ओळीत वाकून पाणी येतं का ते पाहू लागल्या. थोड्या वेळाने दगूनाना धोतर झटकत आले.

“मनं भिजी गयं,” ते म्हणाले, “म्हनीसन बंद कयं.” आणि बिडी पेटवून बसले. अक्कांनी उरलेली भाकरी नानांपुढे केली.

तीन दिवसांनी मेहरूणला परत आल्यावर मी नेहमीप्रमाणे डब्यांच्या नोंदी उतरवून घेतल्या. डीपीवर एकही धक्का नव्हता. दुसऱ्या दिवशी सिंधूअक्कांचा पंप पहिला, बरोबर नऊ वाजता लागला होता. दगूनानांच्या डब्याची नोंदही मी पूर्ण वाचली. एरवी त्यांचा पंप प्रत्येक वेळी लाइन जाईपर्यंत चालला होता. लाइन असताना तो बंद झाल्याची नोंद एकच होती, त्या दिवशीची, एक वाजून पन्नास मिनिटांची.

मग मी प्रोग्राम उघडला आणि तपासणीसाठी ठेवलेल्या त्या आदेशाच्या सहा ओळी खोडून टाकल्या, आणि गावात जाऊन तो पुन्हा सोळा डब्यांत भरला. भास्करभाऊ रागावले, दुरुस्तीला अडचण होईल म्हणाले. होते, थोडी. दर वेळी मला गावात जावं लागतं. त्या शिवारातली कोणतीही मोटर आता मला जळगावात बसून चालू करता येत नाही.